फास्ट फूडसारखा क्रीमी कोलस्लॉ घरी कसा मुरवावा

कोबीची कोशिंबीर करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते, ती म्हणजे मीठ आणि दही पाने वाढायच्या वेळीच घालायचे, नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटते. कोलस्लॉ, म्हणजे बारीक चिरलेल्या कोबीचे मेयोनेज घालून केलेले गार सॅलड, करताना नेमकी हीच सवय आड येते. तो ऐनवेळी कालवून लगेच वाढला, तर कोबी एकीकडे, मेयोनेज दुसरीकडे आणि दोघांच्या मध्ये कच्ची साखर, अशी त्याची अवस्था होते. फास्ट फूडच्या दुकानात तळलेल्या चिकनशेजारी छोट्या कपात मिळणारा गार, आंबटगोड, चमच्यावर सहज येणारा कोलस्लॉ हा मुरलेला पदार्थ आहे. कोबीला पाणी सुटावे, ते ड्रेसिंगमध्ये, म्हणजे कोबीवर घालायच्या मेयोनेजच्या मिश्रणात, मिसळावे आणि ड्रेसिंग कोबीच्या आत शिरावे, यासाठी त्याला काही तास द्यावे लागतात. हे एकदा लक्षात ठेवले की बाकीची कृती अगदी सोपी आहे. तिला गॅससुद्धा पेटवावा लागत नाही.

हा लेख पूर्वी कधीही कोलस्लॉ न केलेल्या व्यक्तीसाठी आहे. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काय करायचे याच्या जोडीला ते कशासाठी करायचे हेही लिहिले आहे, कारण कारण समजले की प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तरी हात चुकत नाही.

आपल्याला नेमका कोणता कोलस्लॉ करायचा आहे

कोलस्लॉ हा शब्द डच भाषेतील ‘कोलस्ला’ या शब्दावरून आला. ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ म्हणजे सॅलड. न्यूयॉर्कच्या परिसरात स्थायिक झालेल्या डच लोकांबरोबर तो अमेरिकेत रुजला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिला जाऊ लागला. पुढे अमेरिकेत त्याचे अनेक प्रकार झाले. नॉर्थ कॅरोलायनातील लेक्सिंग्टन भागात बार्बेक्यूबरोबर जो लालसर कोलस्लॉ वाढतात, त्यात मेयोनेज नसते. व्हिनेगर, केचप आणि तिखट यांवर तो उभा असतो. घराघरांतल्या प्रकारांत कोणी सेलरीचे बी घालते, कोणी मोहरीची पेस्ट घालते. आपल्याला हवा असलेला प्रकार मात्र केएफसीसारख्या तळलेल्या चिकनच्या दुकानांनी लोकप्रिय केलेला आहे. केएफसीचे संस्थापक हार्लंड सँडर्स यांनी केंटकी राज्यातील कॉर्बिन या गावात १९३०मध्ये प्रवाशांना जेवण द्यायला सुरुवात केली, १९५२मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे त्यांच्या चिकनची पहिली फ्रँचायझी सुरू झाली आणि १९९५मध्ये बेंगळुरूत केएफसीचे भारतातील पहिले दुकान उघडले. दुकानातली कृती ही त्या दुकानाची असते. खाली दिलेले प्रमाण त्या धाटणीच्या चवीच्या जवळ जाणारे आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांवर बसवलेले आहे.

या धाटणीच्या तीन खुणा आहेत. कोबी लांब धाग्यांत न कापता अगदी बारीक चिरलेला असतो, ड्रेसिंग घट्ट नसून वाहते असते आणि चवीत गोडपणा आंबटपणाच्या किंचित पुढे असतो. घरी केलेला कोलस्लॉ ‘तसा लागत नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एखादी खूण हुकल्यामुळे असते.

साहित्य आणि त्यामागचा विचार

पाच ते सहा जणांना तोंडीलावण्यापुरता कोलस्लॉ करण्यासाठी साफ केलेला, दांडा काढलेला ५०० ग्रॅम कोबी लागतो. त्यासाठी बाजारातून साधारण ६५० ते ७०० ग्रॅमचा गड्डा आणावा, कारण बाहेरची पाने आणि मधला दांडा यांत बराच भाग जातो. त्याला ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान गाजर आणि अगदी बारीक किसलेला एक मोठा चमचा कांदा लागतो. ड्रेसिंगसाठी १०० ग्रॅम मेयोनेज, सपाट भरलेले तीन मोठे चमचे साखर, तीन मोठे चमचे गार दूध, तीन मोठे चमचे घट्ट ताक, एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ आणि दोन चिमटी मिरपूड घ्यावी. येथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मोजण्याचा चमचा समजावा. घरातल्या वाट्या वेगवेगळ्या मापांच्या असल्याने पहिल्या खेपेस तरी कोबी आणि मेयोनेज काट्यावर तोलून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. कोबीच्या मानाने ड्रेसिंग किती, यावरच सगळी चव अवलंबून असते.

मेयोनेज निवडताना वेष्टनावरची जिनसांची यादी वाचावी. आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या अंडेविरहित मेयोनेजमध्ये साखर बऱ्याचदा आधीच घातलेली असते, त्यामुळे ते चमचाभर चाखून पाहावे आणि गोड लागले तर साखर तीनऐवजी दोन मोठे चमचे घ्यावी. लसूण, पुदिना किंवा तंदुरी अशा चवींचे मेयोनेज येथे उपयोगाचे नाही, साधेच हवे. कच्च्या अंड्याचे मेयोनेज घरी करून वापरण्याचा मोह मात्र टाळावा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंची बाधा होऊ शकते आणि याच कारणावरून केरळने २०२३मध्ये, तर तेलंगणाने २०२४मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. कोलस्लॉ शिजवला जात नाही आणि तासन्‌तास ठेवला जातो, तेव्हा ही काळजी येथे अधिकच घ्यायला हवी.

ताकाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकी कृतींमध्ये जे बटरमिल्क सांगितलेले असते, ते आजकाल दुधाला विरजण लावून केलेले, दाटसर आणि आंबट असते. लोणी काढून उरलेले आपले पातळ ताक त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून दोन मोठे चमचे गोडसर ताजे दही आणि एक मोठा चमचा गार दूध रवीने किंवा काट्याने एकजीव करून घ्यावे, म्हणजे हवे तसे घट्ट ताक मिळते. फार आंबट दही घेतले तर व्हिनेगर आणि लिंबू यांच्या जोडीला तिसरा आंबटपणा येऊन सगळे बिघडते. दूध सायीचे, पण साय काढून, उकळून पूर्ण गार केलेले असावे; सायीच्या गाठी ड्रेसिंगमध्ये मोडत नाहीत.

व्हिनेगर पांढरेच घ्यावे. गोव्यातील स्वयंपाकघरांत असणारे माडाचे व्हिनेगर विंदालूत शोभते, परंतु त्याचा स्वतःचा वास आणि रंग येथे उठून दिसतो. गाजर केशरी असेल तर उत्तम. हिवाळ्यात मिळणारे लाल गाजर अधिक गोड आणि रसाळ असल्याने ते वापरल्यास साखर थोडी हात राखून घालावी.

कोबी निवडणे, धुणे आणि कोरडा करणे

गड्डा हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे आणि दाबल्यावर आत पोकळी जाणवता कामा नये. बाहेरून हिरवागार आणि सैल पानांचा कोबी भाजीला चालतो, मात्र कोलस्लॉला पांढुरका, घट्ट आवळलेला गड्डा लागतो, कारण त्याची पाने पातळ, गोड आणि करकरीत असतात. असा कोबी आपल्याकडे हिवाळ्यात सर्वांत चांगला मिळतो. पावसाळ्यात कच्चा कोबी खाऊ नये असे मला वाटते; त्या दिवसांत पानांत चिखल आणि अळ्या अधिक असतात आणि कितीही धुतले तरी मनात शंका राहते.

कच्चा खायचा कोबी धुण्यात घाई करू नये. बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, गड्ड्याचे उभे चार भाग करावेत, प्रत्येक भागातील दांडा तिरक्या कापाने काढून टाकावा आणि पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली एकेक चोळून धुवावीत. चिरल्यानंतर कोबी धुण्याची पद्धत येथे उपयोगी नाही, कारण बारीक तुकड्यांना चिकटलेले पाणी नंतर निघत नाही आणि तेच ड्रेसिंग पातळ करते. कोलस्लॉला कोबीच्या आतले पाणी हवे असते; नळाचे पाणी मात्र त्यात अजिबात नको.

धुतलेली पाने चाळणीत निथळून, स्वच्छ सुती पंचावर एकाच थरात पसरावीत, वरून दुसऱ्या पंचाने टिपावीत आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवावीत. पानावर बोट फिरवले असता ते ओले होत नसेल, तर पाने चिरायला तयार झाली.

चिरणे

सगळ्या कृतीत सर्वाधिक श्रम आणि सर्वाधिक महत्त्व याच टप्प्याला आहे. कोबीचा तुकडा भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढा असावा, असे मी नेहमी सांगते, कारण तो आकार आपल्या डोळ्यांना नेमका ठाऊक असतो. त्याहून मोठा ठेवला तर तो दाताखाली कोबी म्हणूनच लागतो आणि मुरायला फार वेळ घेतो. त्याहून बारीक झाला तर काही तासांतच त्याचा लगदा होतो.

सुरीने चिरणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. चार-पाच पाने एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करावी, तिच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढाव्यात, मग त्या पट्ट्या आडव्या फिरवून पुन्हा तेवढ्याच अंतराने कापाव्यात आणि शेवटी सगळा ढीग गोळा करून त्यावरून सुरी एक-दोनदा झोके देत फिरवावी. पानांच्या जाड शिरा वेगळ्या काढून आधी उभ्या चिराव्यात, नाहीतर त्यांचे तुकडे इतरांपेक्षा मोठे राहतात. विळीवर कोबी सुरेख आणि भराभर चिरला जातो, पण तो लांब धाग्यांत, म्हणून विळीवर चिरलेला कोबी पुन्हा पाटावर घेऊन सुरीने आडवा कापावा लागतो.

दोरी ओढून चालवायचा चॉपर असेल तर कोबीचे मोठे तुकडे करून भांडे निम्म्याहून कमी भरावे आणि पाच-सहा झटके द्यावेत, मग झाकण उघडून बघावे. भांडे गच्च भरले तर खालचा कोबी चिखलासारखा होतो आणि वरचा तसाच राहतो. मिक्सर वापरायचाच झाला तर सुके भांडे, मूठभर कोबी आणि क्षणभरासाठी दोन-तीन वेळा फिरवण्याचे बटण, यापलीकडे जाऊ नये. किसणी मात्र कोबीसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावी. किसताना पेशी कापल्या न जाता चिरडल्या जातात, सगळा रस ताटात निघून जातो आणि मागे उरतो तो चोथा.

गाजर किसणीच्या बारीक छिद्रांवर किसून, तो कीस सुरीने एकदा कापून घ्यावा, म्हणजे त्याचे धागे कोबीपासून वेगळे दिसत नाहीत. कांदा किसून त्याचा रस आणि गर असा दोन्ही मिळून एक मोठा चमचाच घ्यावा. कांद्याचा अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी संपूर्ण डबा त्याच्याच वासाचा होतो, त्यामुळे शंका वाटल्यास तो कमी घ्यावा. जैन पद्धतीने करायचा असल्यास कांदा आणि गाजर दोन्ही वगळून कोबी तेवढाच वाढवावा. चव थोडी सपाट होते, पण कोलस्लॉ नक्की होतो.

चिरताना कोबीचा जो झणझणीत वास सुटतो, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोबी आणि मोहरी एकाच कुळातील आहेत. पान कापले गेले की त्यातील निरनिराळ्या कप्प्यांत असलेली द्रव्ये एकत्र येतात आणि मोहरी फेसताना नाकात जाते तशीच तिखट धार तयार होते. नुकताच चिरलेला कोबी उग्र लागतो तो यामुळेच. ही धार काही तासांत बोथट होते, म्हणूनच कोलस्लॉ मुरवण्याला पर्याय नाही.

ड्रेसिंग जुळवणे

काचेचे किंवा स्टीलचे खोलगट भांडे घ्यावे. व्हिनेगर आणि लिंबू असलेला पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात कधीही ठेवू नये. भांड्यात प्रथम मेयोनेज, साखर, मीठ आणि मिरपूड घालून फेटावे. साखर दाणेदार असेल तर ती लगेच विरघळत नाही, तेव्हा तिची आधी पिठीसाखर करून घेतली तरी हरकत नाही. वजन मात्र तेच ठेवावे. नंतर दूध, मग ताक घालून पुन्हा फेटावे. मिश्रण एकसारखे झाल्यावरच व्हिनेगर आणि लिंबाचा रस थोडा थोडा करून, फेटत फेटत घालावा. हा क्रम उलटा केला आणि आंबट पदार्थ थेट दुधात पडला, तर दूध फाटून बारीक कण दिसू लागतात. मेयोनेजमध्ये आधी मिसळलेले दूध सहसा असे फाटत नाही, उलट आंबट घातल्यावर ड्रेसिंग किंचित दाट होते.

तयार ड्रेसिंग पाहून नवशिक्या माणसाला बहुधा धास्ती वाटते, कारण ते पातळ दिसते, साधारण कढीच्या दाटपणाचे असते आणि चाखल्यावर जरा जास्तच गोड आणि आंबट लागते. ते तसेच असायला हवे. एवढ्या कोबीला वाटून घ्यायची चव त्यात आधीच भरलेली असते.

चिरलेला कोबी, गाजर आणि कांदा मोठ्या परातीत हलक्या हाताने एकत्र करून त्यावर ड्रेसिंग ओतावे आणि दोन चमच्यांनी खालून वर, तळापर्यंत पोहोचत कालवावे. हाताने दाबून, चुरडून कालवू नये. आपण कोशिंबिरीत कधी कधी तसे करतो, पण येथे तुकड्यांचा करकरीतपणा टिकवायचा आहे.

मुरण्याचे तास

आता डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि किमान दोन तास, जमल्यास चार तास आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे रात्रभर त्याच्याकडे पाहायचे नाही. या काळात आत काय घडते ते मी एकदा दर थोड्या वेळाने डबा उघडून पाहिले होते. कालवल्या कालवल्या कोबी ड्रेसिंगच्या वर उभा होता, प्रत्येक तुकडा सुटा आणि कोरडा दिसत होता आणि भांडे काठोकाठ भरलेले होते. अर्ध्या तासाने तो ढीग बोटभर खाली बसलेला दिसला आणि कडेला पांढुरके पाणी जमू लागले. दोन तासांनी तुकड्यांचा पांढरा रंग जाऊन ते किंचित पारदर्शक झाले होते, गाजराची केशरी झाक ड्रेसिंगमध्ये अगदी पुसट उतरली होती आणि चमच्यात कोबी व ड्रेसिंग एकत्र येऊ लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चव एकसंध झाली होती. गोड, आंबट आणि कोबीचा स्वतःचा गोडवा यांतले काही वेगळे काढून दाखवता येत नव्हते, आणि तरीही दाताखाली कोबी कुरकुरत होता.

यामागे मीठ आणि साखर आहेत. ड्रेसिंगमध्ये त्यांचे प्रमाण कोबीच्या पेशींतील रसापेक्षा जास्त असल्याने पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर जे होते तेच येथे, फक्त सौम्यपणे घडते. कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे सुटणारा रस थोडा नसतो, आणि तो टाकून द्यायचा नसतो. तोच ड्रेसिंगला वाहते करतो आणि त्यात कोबीची चव आणतो. काही जण कोबीला आधी मीठ लावून, पिळून मग ड्रेसिंग घालतात. सँडविच किंवा बर्गरमध्ये भरायचा असेल तर ही पद्धत योग्य आहे, कारण पावाला ओल चालत नाही. त्यासाठी ५०० ग्रॅम कोबीला एक छोटा चमचा मीठ चोळून तासभर ठेवावे, धुऊन घट्ट पिळावे आणि ड्रेसिंगमधील मीठ, दूध आणि ताक वगळावे. कपातून चमच्याने खायच्या कोलस्लॉसाठी मात्र मी तिची शिफारस करणार नाही.

या तासांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा नियम मला एका चुकीतून मिळाला. पहिल्यांदा कोलस्लॉ केला तेव्हा कालवल्यावर लगेच चाखून पाहिला, तो नुसता गोड लागला, म्हणून मी आणखी मीठ घातले, मग कोरडा वाटला म्हणून आणखी मेयोनेज घातले. संध्याकाळी पाहुण्यांसमोर डबा उघडला तेव्हा तो खारट आणि तेलकट झालेला होता आणि तळाशी वाटीभर पाणी साचले होते. तेव्हापासून दोन तास होण्यापूर्वी मी त्यात काहीही घालत नाही. शिवाय चव नेहमी गार असतानाच पाहावी, कारण गार पदार्थाचा गोडपणा जिभेला कमी जाणवतो. जो कोलस्लॉ ओट्यावर अति गोड वाटतो, तोच फ्रिजमधून काढल्यावर बेताचा लागतो.

दोन तासांनंतर मात्र डबा खालून वर हलवून चव जरूर सुधारावी. बेचव वाटला तर आधी चिमूटभर मीठ, आणि तेवढ्याने भागले नाही तर अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालावा. उग्र लागत असेल तर त्यात काही न घालता आणखी वेळ द्यावा. फार पातळ झाला असेल तर वाढताना झाऱ्याने उचलावा, म्हणजे जास्तीचे पाणी भांड्यात राहते. घट्ट करण्यासाठी मेयोनेज वाढवले तर तो तेलकट लागतो. फार आंबट झाल्यास एक चमचा दूध आणि अर्धा छोटा चमचा पिठीसाखर एकत्र करून मिसळावी.

मेयोनेज घरीच करायचे असल्यास

बाजारचे मेयोनेज नको असेल, तर दुधाचे अंडेविरहित मेयोनेज घरी सहज होते. उभ्या, अरुंद भांड्यात उकळून गार केलेले १०० मिलिलिटर दूध, २०० मिलिलिटर रिफाइंड सूर्यफूल तेल, पाव छोटा चमचा मोहरीची पूड आणि तेवढेच मीठ घालावे. हाताने धरायच्या ब्लेंडरचे पाते भांड्याच्या तळाशी टेकवून, न हलवता पंधरा-वीस सेकंद चालवावे आणि खाली पांढरे दाट मिश्रण दिसू लागले की ब्लेंडर हळूहळू वर आणावा. शेवटी एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून पुन्हा दोन-चार सेकंद फिरवावे. रसामुळे ते आणखी घट्ट होते. दुधातील प्रथिने तेलाचे सूक्ष्म थेंब धरून ठेवतात, म्हणून हे साधते. ब्लेंडर सुरुवातीलाच वरखाली केला, तर तेल आणि दूध वेगळेच राहतात. शेंगदाण्याचे किंवा करडईचे घाण्याचे तेल वापरू नये, त्याचा वास कोबीवर मात करतो. असे मेयोनेज फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते आणि त्यात साखर नसल्याने वर दिलेले साखरेचे प्रमाण पूर्ण घ्यावे.

वाढणे आणि ठेवणे

कोलस्लॉ तळलेल्या, खारट, गरम पदार्थाशेजारी खुलतो. अमेरिकेत तो चिकनप्रमाणेच तळलेल्या मासळीबरोबरही देतात, तेव्हा आपल्याकडे रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर तो वाढण्यास काहीच हरकत नाही. फक्त त्या ताटात सोलकढी ठेवू नये, दोन गार आंबट पदार्थ एकमेकांची चव मारतात. वाढण्यापूर्वी पाच मिनिटे डबा बाहेर काढावा, एकदा तळापासून हलवावा आणि छोट्या वाट्यांत द्यावा. मोठे भांडे टेबलावर ठेवून प्रत्येकाने त्यातून घेत राहण्यापेक्षा हे बरे, कारण उरलेला कोलस्लॉ तोपर्यंत गारच राहतो.

दूध, दही आणि मेयोनेज असलेला हा पदार्थ बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात जवळपास रोजच, तर तासाभरापेक्षा जास्त नाही. सहलीला न्यायचा असेल तर चिरलेला कोबी आणि ड्रेसिंग वेगवेगळ्या डब्यांत नेण्याचा विचार मनात येईल, पण मग मुरणार कधी, हा प्रश्न उरतो; त्यापेक्षा रात्री करून, पूर्ण गार झालेला डबा बर्फाच्या पिशव्यांसह न्यावा. फ्रिज ४ अंशांच्या आसपास असेल तर कोलस्लॉ तीन दिवस चांगला राहतो. त्याची खरी बहार दुसऱ्या दिवशी असते आणि तिसऱ्या दिवशी कोबी मऊ पडू लागतो. डब्याचे झाकण घट्ट असावे, नाहीतर फ्रिजमधील दुधाला आणि लोण्याला कोबीचा वास लागतो. फ्रीझरमध्ये तो कधीही ठेवू नये. बर्फ वितळल्यावर मेयोनेजमधील तेल सुटे होते आणि कोबी पाणचट होतो.

दुप्पट प्रमाणात करताना कोबी, गाजर, मेयोनेज, दूध आणि ताक सरळ दुप्पट करावे, परंतु व्हिनेगर, लिंबू आणि साखर आधी पावणेदोन पट घ्यावी आणि उरलेले प्रमाण मुरल्यानंतर, गार असताना चाखून घालावे.